मेलेल्या फांदीवरचे पिवळे लोणी : कोण कोणाला खाते?

१/ नागपुरात पाऊस मुरू लागला, की सेमिनरी हिल्स, अंबाझरी किंवा गोरेवाडा परिसरातील झाडीत गळून पडलेल्या फांद्यांकडे जरा वाकून पाहावे. एखाद्या काळपट, वाळक्या काटकीवर पिवळा किंवा दुधट रंगाचा लिबलिबित गोळा बसलेला दिसू शकतो. बोट लावले तर तो थरथरतो. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो हा : लाकूड मेले, कुजले, म्हणून त्यावर बुरशी आली. ती लाकूड खाते आहे. युरोपातील मोठमोठ्या अभ्यासकांनीही पिढ्यान्‌पिढ्या हेच मानले. ते चुकले होते. ही चूक कशी झाली आणि कशी सुधारली, याचा इतिहास आज या धाग्यात पाहू.

२/ या गोळ्याचे शास्त्रीय नाव ट्रेमेला. तिच्या अनेक जाती आहेत. ट्रेमेला मेसेंटेरिका ही पिवळीधमक जात मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांत प्रसिद्ध आहे, तर ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस ही पांढरी, पाकळ्यापाकळ्यांची जात उष्ण प्रदेशांत वाढते. दोघींचे एक वैशिष्ट्य समान आहे. ऊन पडले की त्या आक्रसून कागदासारख्या पापुद्र्यात बदलतात आणि पाऊस आला की पुन्हा फुगतात. आणि दोघीही लाकडावर दिसत असल्या तरी लाकडावर जगत नाहीत. लाकूड खाणाऱ्या दुसऱ्या बुरशीवर त्या जगतात. म्हणजे हा चोरावर मोर आहे.

३/ विदर्भात पावसाळी अळिंबीला ‘टेकोडे’ म्हणतात. खाण्याजोगे कोणते आणि टाकण्याजोगे कोणते, याचे ज्ञान रानाकाठच्या घरांत पिढीजात असते. युरोपात या पिवळ्या गोळ्याला मात्र निराळेच नाव मिळाले : चेटकिणीचे लोणी. घराच्या दारावर किंवा फाटकाच्या लाकडावर ते उगवले तर कोणी तरी करणी केली, असे मानत. उपाय म्हणजे गोळ्याला टाचण्या टोचायच्या, म्हणजे त्यातील पाणी गळून जाईल आणि करणी उतरेल. रात्रीतून अचानक उगवणारी, हाड ना मांस अशी वस्तू माणसाला नेहमीच अस्वस्थ करते.

४/ जमिनीवर पावसानंतर दिसणाऱ्या अशाच बुळबुळीत गोळ्यांबद्दल दुसरी समजूत होती : ते तुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकातील वैद्य आणि किमयागार पॅरासेल्ससने अशा एका पदार्थाला ‘नॉस्टॉक’ असे नाव दिले. आज आपण जाणतो, की नॉस्टॉक ही बुरशी नाहीच. ते प्रकाशसंश्लेषण करणारे नीलहरित जीवाणू आहेत. पण त्या काळी वर्गीकरणाचे साधन एकच होते, डोळे. आणि डोळ्यांना जे बुळबुळीत दिसले ते सारे एकाच पोत्यात गेले.

५/ ते पोते शास्त्राच्या दप्तरात दाखल केले कार्ल लिनियसने. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लॅन्टारम’ या ग्रंथात त्याने ‘ट्रेमेला’ ही प्रजाती शैवालांच्या गटात नोंदवली. नावाचे मूळ लॅटिन धातूत आहे, ज्याचा अर्थ थरथरणे. या एका नावाखाली नॉस्टॉक होते, लाकडावर कानासारखी वाढणारी बुरशी होती आणि ज्युनिपरच्या फांद्यांवर पावसात फुगणारा तांबेरा रोगही होता. तीन अगदी वेगळे जीव आणि त्यांना जोडणारा धागा केवळ बुळबुळीतपणाचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे : दिसण्यातील साम्य हे नात्याचे प्रमाणपत्र नसते.

६/ १७६९ मध्ये स्वीडिश निसर्गअभ्यासक आंडर्स यान रेत्सियस याने पिवळ्या गोळ्याला ‘ट्रेमेला मेसेंटेरिका’ असे नाव दिले. ‘मेसेंटेरिका’ हा शब्द शरीरशास्त्रातला. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या चुणीदार पडद्याचे ते नाव. गोळ्याच्या घड्या त्याला तशा भासल्या. नाव पक्के झाले, वर्णन पक्के झाले. पण ‘ती कशावर जगते’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, कारण उत्तर समोर दिसत होते. ती मेलेल्या लाकडावर होती. आणखी काय पाहायचे?

७/ त्या काळातील एक मोठा वाद ध्यानात घेतल्याशिवाय ही बेफिकिरी समजणार नाही. बुरशी हे कुजण्याचे कारण की कुजण्याचा परिणाम? १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक करपले आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हाही बहुतेक विद्वान म्हणत होते, की ओल्या हवेने बटाटा सडला आणि मग त्यावर बुरशी आली. माइल्स बर्कली या इंग्लिश धर्मोपदेशकाने १८४६ मध्ये उलट मत मांडले : बुरशी हेच कारण. पुढे जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी याने १८६० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांनी ते सिद्ध केले. जिवंत पिकाबाबत जिथे एवढी ओढाताण झाली, तिथे मेलेल्या काटकीवरील गोळ्याची चौकशी कोण करणार?

८/ तरीही चौकशी सुरू झाली. १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई रेने त्युलान याने जेली बुरशांच्या अंतर्रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने बीजाणू वाहणाऱ्या पेशी पाहिल्या. साध्या छत्रीसारख्या अळिंबीत या पेशी अखंड असतात. ट्रेमेलात मात्र त्या उभ्या पडद्यांनी विभागलेल्या होत्या. संत्र्याच्या फोडी असाव्यात, तशा. बुळबुळीतपणाच्या पोत्यातून खऱ्या जेली बुरशा प्रथमच रचनेच्या आधारे वेगळ्या काढता आल्या. पण पोटापाण्याचा प्रश्न अजून शिल्लकच होता.

९/ १८५३ हे वर्ष नागपूरकरांना वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. याच उलथापालथीच्या वर्षांत या शहरात एक स्कॉटिश मिशनरी खडक फोडत हिंडत होता. त्याचे नाव स्टीफन हिस्लॉप. त्याच्याच नावाने हिस्लॉप कॉलेज ओळखले जाते. आपल्या कथेत त्याचे काय काम, असा प्रश्न पडेल. थोडा धीर धरा. मेलेल्या लाकडात काय काय दडलेले असते, हे पाहण्याची एक विलक्षण खिडकी त्याने उघडली.

१०/ हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातील शंखशिंपले होते, बिया आणि फळे होती, माशांचे आणि कीटकांचे अवशेष होते, आणि दगड झालेले लाकूड होते. १८५५ मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात दोघांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील आणि जीवाश्मांवरील निबंध छापून आला. दख्खनच्या लाव्हारसाच्या दोन लोंढ्यांच्या मधल्या शांत काळात इथे तळी होती, झाडे होती, जीवन होते, हे त्या थराने सांगितले.

११/ या थरांना भूवैज्ञानिक ‘इंटरट्रॅपियन’ म्हणतात. वय साधारण साडेसहा कोटी वर्षे. डायनासोर नामशेष झाले त्या संधिकालाच्या आसपासचे. लाव्हारसाच्या प्रदेशातील पाण्यात सिलिका भरपूर विरघळलेली असते. ती मेलेल्या वनस्पतीच्या पेशीपेशीत शिरते आणि कुजण्याआधीच तिला दगडात बंद करते. अशा गारगोटीसारख्या चर्टचा काप घासून घासून प्रकाश आरपार जाईल इतका पातळ केला, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कालपरवा कापल्यासारख्या दिसतात.

१२/ नागपूरच्या उत्तरेला, आजच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा बाजूच्या सौसर, मोहगाव कलान या मराठी बोलीच्या सीमापट्ट्यात हे थर विशेष समृद्ध आहेत. बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९४३ मध्ये सौसर परिसरातील अश्मीभूत वनस्पतींचे वर्णन केले. त्यात पाण्यावर तरंगणारे अझोला हे नेचे होते आणि बुरशीचे अवशेषही होते. पुढे नागपूरच्या विज्ञान संस्थेत शिकवणाऱ्या डॉ. श्या चितळे यांनी मोहगाव कलानच्या दगडांवर दीर्घकाळ काम केले. नंतर अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला.

१३/ चितळे यांनी सहकाऱ्यासह १९७२ मध्ये एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. विषय होता बुरशीने ग्रासलेले एक जीवाश्म लाकूड. लाकूड कोणत्या कुळातले? टेंभुर्णीच्या. म्हणजे विडीच्या पानासाठी विदर्भात ज्याची आजही तोड होते, त्या तेंदूच्या कुळातले. क्षणभर विचार करा : साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या प्रदेशात एक झाड होते, त्याच्या लाकडात बुरशी शिरली होती, आणि सिलिकाने तो प्रसंग जसाच्या तसा गोठवून ठेवला. लाकूड आणि त्याला ग्रासणारी बुरशी यांची गाठ इतकी जुनी आहे.

१४/ मग जेली बुरशी? ती मऊ, पाणीदार. जीवाश्म होण्यास अगदी अयोग्य. पण बुरशीने बुरशीला खाण्याचा व्यवहार किती जुना, याचे उत्तर अशाच दुसऱ्या एका चर्टने दिले. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावाजवळचा चर्ट सुमारे ४० कोटी वर्षांचा आहे. १९९४ मध्ये हास, टेलर आणि रेमी या संशोधकांनी त्यात एका बुरशीच्या शरीरात शिरलेली दुसरी बुरशी दाखवून दिली. जमिनीवर नुकतीच झाडे रुजू लागली होती तेव्हाच हा दुहेरी व्यवहार चालू होता. म्हणजे परजीवी बुरशीवरची परजीवी बुरशी ही निसर्गातली चमत्कारिक अपवादकथा नव्हे. ती जुनी वहिवाट आहे.

१५/ आता पुन्हा पिवळ्या गोळ्याकडे वळू. १८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ओस्कार ब्रेफेल्ड याने जेली बुरशांच्या गटावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ट्रेमेलाचे बीजाणू पोषक द्रावणात टाकले तर ते यीस्टसारखे कळ्या फोडत वाढतात, हे दिसून आले. यातून एक गैरसमज बळावण्यासारखा होता : कोणाच्याही मदतीवाचून वाढते, तर ही स्वतंत्रच असणार. पण यीस्टची अवस्था हे तिचे बालपण आहे. फांदीवरचा चुणीदार गोळा हा संसार आहे, आणि तो मांडायला तिला यजमान लागतो.

१६/ पहिला पक्का दुवा मिळाला तो एका गोळ्याच्या पोटात. काही जेली बुरशांना आतून पांढरट, टणक गाभा असतो. जुन्या वर्गीकरणकारांनी या गाभ्यावरून त्यांची ‘नेमाटेलिया’ ही वेगळी प्रजातीच केली होती. १९६१ मध्ये रॉबर्ट बँडोनी या कवकशास्त्रज्ञाने त्यावर निबंध लिहिला. तो गाभा जेली बुरशीचा नव्हताच! ते ‘स्टेरियम’ नावाच्या लाकूड कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशीचे शरीर होते. जेलीने तिला चहूबाजूंनी गिळून टाकले होते. ज्याला शतकभर ‘हाड’ म्हटले, ते प्रत्यक्षात भक्ष्य निघाले.

१७/ ट्रेमेला मेसेंटेरिकाच्या बाबतीत भक्ष्य आणखी छपलेले असते. तिची यजमान ‘पेनिओफोरा’ ही बुरशी सालीवर किंवा सालीखाली रंगाचा हात फिरवावा तशी पातळ, पसरट वाढते. पाहणाऱ्याला ती फांदीचाच डाग वाटते. पिवळा गोळा भेगेतून वर उसळतो आणि सगळ्यांचे लक्ष वेधून घेतो. खरे काम करणारी खाली अदृश्य, आणि वरती मिरवणारा तिसराच. दरबारी इतिहास वाचणाऱ्यांना हे चित्र अपरिचित वाटू नये.

१८/ थेट पुरावा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिला. १९९४ मध्ये जर्मनीच्या त्सुगमायर, बाउअर आणि ओबरविंकलर यांनी ट्रेमेलाच्या काही जातींचा परजीवीपणा तपशिलाने मांडला. ट्रेमेलाच्या तंतूवर एक विशेष पेशी फुगते. तिच्यातून एक वा अधिक बारीक नळ्या निघतात. त्या नळ्या यजमान बुरशीच्या तंतूला भिडतात. आणि जिथे भिडतात तिथे पेशीभित्तीत अतिसूक्ष्म छिद्र पडून दोघींचा अंतर्भाग जोडला जातो. रेत्सियसने नाव दिले १७६९ मध्ये. हे चित्र स्पष्ट झाले १९९४ मध्ये. सव्वादोनशे वर्षे! आणि गंमत पाहा, ऱ्हायनीच्या चर्टमधील पुरावाही त्याच वर्षीचा.

१९/ पुढे जनुकांनीही साक्ष दिली. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लाकूड कुजवण्याच्या क्षमतेच्या उगमावर एक मोठा तुलनात्मक अभ्यास आला. त्यात ट्रेमेला मेसेंटेरिकाची संपूर्ण जनुकमाला होती. लाकडाला कठीणपणा देणाऱ्या लिग्निनचे विघटन करणाऱ्या बुरशांकडे विकरांचा जो शस्त्रसाठा असतो, तो हिच्याकडे नाही. लाकडावर जन्म काढणाऱ्या जिवाकडे लाकूड फोडण्याची हत्यारेच नसावीत! शस्त्रे नसलेला माणूस रणांगणात सापडला तर तो सैनिकच असेल असे नव्हे.

२०/ विद्यापीठांना जे उशिरा कळले ते चीनमधील शेतकऱ्यांनी व्यवहारातून ओळखले. पांढरी ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस तिथे ‘यिन्‌अर’ या नावाने औषधी आणि गोड पदार्थांत वापरतात. सिचुआनमधील तोंगजियांग हा प्रदेश तिच्यासाठी जुना प्रसिद्ध. ओंडके रचून वाट पाहिली तर कधी पीक येई, कधी नाही. पण ज्या ओंडक्यांवर राखेसारखी एक काळपट बुरशी दिसे, तिथे पीक चांगले येई. ती काळपट बुरशी हीच यजमान होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बुरशा एकत्र पेरण्याचे तंत्र बसले आणि फूज्यान प्रांतातील गूत्येन हे तिच्या लागवडीचे मोठे केंद्र झाले.

२१/ या पांढऱ्या जातीचे शास्त्रीय नामकरण कोणी केले, ठाऊक आहे? बटाट्याच्या रोगाचे खरे कारण ओळखणाऱ्या त्याच माइल्स बर्कलीने, १८५६ मध्ये, ब्राझीलमधून आलेल्या नमुन्यावरून. ‘बुरशी हे कारण की परिणाम’ हा प्रश्न ज्याने बटाट्याच्या बाबतीत अचूक सोडवला, त्याच्या हातात हीही बुरशी आली होती. पण वाळवून पाकिटात घातलेल्या नमुन्यावरून नाते कळत नाही. पुरावा त्याच्या जागेवरून उचलला, की अर्धा इतिहास मागेच राहतो. उत्खननशास्त्र हेच सांगते.

२२/ इथवर ही कथा कुतूहलाची वाटेल. पण हिला एक गंभीर बाजू आहे. १८९४ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ फ्रान्चेस्को सानफेलिचे याला पीच फळाच्या रसात एक यीस्ट सापडले. त्याच सुमारास जर्मनीत ओटो बुसे आणि अब्राहम बुश्के यांना एका तरुण स्त्रीच्या पायाच्या हाडातील व्रणात तसेच यीस्ट आढळले. तिचा या संसर्गाने मृत्यू झाला. आज या बुरशीला क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स म्हणतात. फुप्फुसांतून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून ती जीवघेणा मेंदूज्वर घडवते. ती कोणाची नातलग, हे ऐंशी वर्षे कळले नाही, कारण ती सदैव यीस्टच्या बालरूपातच दिसे.

२३/ १९७५ मध्ये क्वॉन-चुंग या संशोधक स्त्रीने तिची लैंगिक अवस्था शोधली आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी तिचे कूळ पक्के केले : ट्रेमेलाचेच. अगदी सख्खी नव्हे, पण भाऊबंदकीतली. दोघींना जोडणारी एक वस्तू तर डोळ्यांनी दिसते. ट्रेमेलाची जेली ज्या गुंतागुंतीच्या शर्करेची बनते, त्याच प्रकारच्या शर्करेचे जाड कवच क्रिप्टोकॉकसच्या पेशीभोवती असते. फांदीवर ही जेली पाणी धरून ठेवते. मानवी शरीरात तेच कवच बुरशीला रोगप्रतिकारक पेशींपासून लपवते.

२४/ रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत हे कवच पाहण्याची रीत मोठी साधी आहे. रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाच्या थेंबात काळी शाई मिसळतात, तीच जिला जगभर ‘इंडिया इंक’ म्हणतात. शाईचे कण कवचात शिरू शकत नाहीत. मग काळ्या आभाळात चंद्राभोवती खळे पडावे तशी प्रत्येक पेशीभोवती पांढरी कडी दिसते. ज्या थरथरत्या पदार्थाला युरोपातील खेडूत चेटकिणीचे लोणी म्हणत, त्याच प्रकारच्या पदार्थाचे हे वलय. यातून निदान होते आणि वेळीच झाले तर जीव वाचतो.

२५/ ही बुरशी येते कुठून? इथे पुन्हा तीच जुनी चूक डोकावते. १९५५ मध्ये चेस्टर एमन्स याने ती कबुतरांच्या विष्ठेत दाखवली आणि सारा दोष कबुतरांवर गेला. कबुतरांची विष्ठा हा तिचा एक ठिकाणा खराच. पण १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात तिची भगिनी जात निलगिरीच्या झाडाशी जोडली गेली आणि १९९६ मध्ये रिओ द जानेरो येथे जिवंत झाडांच्या ढोलीतील कुजक्या लाकडात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स सापडली. घर शोधता शोधता संशोधक पुन्हा मेलेल्या लाकडापाशी आले.

२६/ भारतातही हा माग काढला गेला. १९९७ मध्ये चंडीगडच्या संशोधकांनी निलगिरीवरून ती भगिनी जात मिळवल्याचे प्रसिद्ध केले. दिल्लीत हरबन्ससिंग रंधावा यांच्या गटाने झाडांच्या ढोल्या तपासल्या. त्यांत जांभळासारखी आपल्या अंगणातली झाडे होती. आणि २००७ मध्ये जबलपूरच्या संशोधकांनी त्या शहरातील जिवंत झाडांच्या ढोल्यांतून दोन्ही जाती मिळवल्याचे नोंदवले. जबलपूर म्हणजे नागपूरहून उत्तरेला जाणाऱ्या महामार्गावरचे शहर. आपल्याच हवामानाचे, आपल्याच झाडांचे.

२७/ घाबरून झाडे तोडायला निघू नका. निरोगी माणसाचे शरीर या बुरशीला बहुधा सहज आवरते. धोका मुख्यतः ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांना, विशेषतः उपचार न मिळालेल्या एचआयव्हीबाधितांना. २०२० सालासाठीच्या जागतिक अंदाजानुसार या मेंदूज्वराने सुमारे १ लाख १२ हजार माणसे दगावली. एड्सशी संबंधित मृत्यूंपैकी हा वाटा साधारण १९ टक्के. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशांची पहिली प्राधान्ययादी जाहीर केली, तेव्हा अत्यंत गंभीर गटातील चार नावांत हे एक होते. फांदीवरची ट्रेमेला स्वतः असा रोग करत नाही. पण तिचे कूळ समजल्याने या शत्रूची ओळख पटली.

२८/ म्हणून पुढच्या पावसात नागपूरच्या झाडीत पिवळा गोळा दिसला, तर लगेच नाव ठोकू नका. डॅक्रिओपिनॅक्स नावाची नारिंगी, चमच्यासारखी जेली बुरशी आपल्याकडे सामान्य आहे. ती मात्र खरोखरच लाकडावर जगते. दिसायला दोघी जेली, पण धंदा वेगळा. गोळ्याच्या बुडाशी पाहा. साल हलकेच उचला. शेजारी पातळ, पसरट दुसरी बुरशी आहे का? छायाचित्र घ्यायचे तर एकट्या गोळ्याचे नव्हे, फांदीसकट, भोवतालासकट घ्या. आणि तोंडात मात्र काहीही घालू नका.

२९/ लिनियसला बुळबुळीतपणा दिसला, रेत्सियसला घड्या दिसल्या, ब्रेफेल्डला यीस्ट दिसले. कोणीही खोटे लिहिले नाही. प्रत्येकाने जे दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवले. चूक नोंदीत नव्हती. ‘इथे सापडली, म्हणजे इथलीच’ या न तपासलेल्या वाक्यात होती. ताम्रपट सापडतो त्या गावाचाच असतो असे नाही, नाणे मिळते तिथेच पाडलेले असते असे नाही, आणि फांदीवर बसलेली बुरशी फांदीच खात असते असेही नाही. साधनाची जागा हा पुरावा आहे, निष्कर्ष नव्हे. धागा समाप्त.